भाडं देत नाही, घर सोडत नाही: लीव्ह अँड लायसन्सवरचा माणूस बाहेर कसा काढायचा

प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. बाबा एसटीतून रिटायर झालेले, सिंहगड रोडला त्यांच्या नावावर टू बीएचके, तो एका कुटुंबाला ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दिला, करार ऑनलाइन रजिस्टर केलेला, भाडं २२ हजार आणि डिपॉझिट १ लाख. शेवटचे दोन महिने भाडं आलं नाही, मग मुदत संपली, मुदत संपूनही पाच महिने झाले, तो माणूस ना भाडं देतो ना घर सोडतो आणि वर म्हणतो कोर्टात जा, दहा वर्षं लागतील. पोलीस म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. तुम्ही बंगळुरूला. तुम्ही विचारलंय की लाईट तोडावी का, कुलूप बदलावं का, तो आता १० हजार ट्रान्सफर करतो म्हणतोय ते घ्यावेत का, केसला खरंच दहा वर्षं लागतात का, आणि सोसायटीचा मेंटेनन्स तोवर कोणी भरायचा.

मी पुण्यात वकिली करतो आणि माझं बरंचसं काम याच भाड्याच्या आणि ताब्याच्या भांडणांचं आहे. पहिलं हे सांगतो की तुमची केस चांगली आहे, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरीच चांगली. कारण तुमच्याकडे रजिस्टर्ड करार आहे आणि त्याची मुदत संपलेली आहे. या दोन गोष्टी ज्याच्या हातात आहेत त्याला दहा वर्षांची भीती घालणारा माणूस एक तर स्वतः घाबरलेला असतो नाहीतर त्याला कायदा माहीत नसतो.

दहा वर्षांची गोष्ट लोकांच्या डोक्यात कुठून आली ते सांगतो, कारण ती खोटी नाहीये, फक्त ती तुमची नाहीये. १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, त्यात भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य. मग लोकांनी पळवाट म्हणून लीव्ह अँड लायसन्स सुरू केलं, तर १९७३ मध्ये सरकारने दुरुस्ती आणून १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना थेट भाडेकरूच करून टाकलं. मुंबईत, पुण्यातल्या पेठांमध्ये कित्येक मालकांची घरं त्या एका तारखेने गेली आणि आपल्या आजोबांच्या पिढीने जी धास्ती घेतली ती अजून उतरलेली नाही, म्हणून आजही लोक फ्लॅट रिकामा ठेवतात पण भाड्याने देत नाहीत. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि त्यात कलम २४ आलं. ते खास तुमच्यासारख्या मालकांसाठीच आहे.

कलम २४ म्हणतं की राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली की लायसन्सीने, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याने, ताबा दिलाच पाहिजे, नाही दिला तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. हा सक्षम प्राधिकारी म्हणजे नेहमीचं दिवाणी कोर्ट नाही, सरकारने याच कामासाठी नेमलेला अधिकारी. आणि त्याच कलमात लिहिलंय की लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा. म्हणजे त्याने कितीही सांगितलं की करार नुसता दाखवायला होता, खरं तर मी भाडेकरू आहे, मला तोंडी पाच वर्षं दिली होती, मी फ्लॅट विकत घेण्यासाठी टोकन दिलं होतं, किचनला दोन लाख घातले, तरी करारावर जे लिहिलंय त्याच्यापुढे या गोष्टी टिकत नाहीत. हे सगळे बचाव मी ऐकलेत आणि तुमचा माणूसही यातलाच एखादा घेईल, तेव्हा ते ऐकून बाबांनी घाबरू नये. त्याचा मेव्हणा किंवा भाऊ उठून म्हणाला की जागेत मी राहतो माझा हक्क आहे, तर त्याचीही सोय आहे, करारात ज्याचं नाव लायसन्सी म्हणून नाही त्याचा कुठलाही दावा प्राधिकाऱ्याने ऐकायचाच नाही असं कलम २४ मध्येच आहे.

आता लाईट आणि कुलूप. करू नका. मला माहितीये की बाबांचा संताप होतोय, स्वतःचं घर हप्ते भरून भरून उभं केलेलं आणि दुसरा माणूस फुकट राहतोय, त्या फ्लॅटच्या भाड्यावर त्यांचं महिन्याचं औषधपाणी चालत असेल तर रागाबरोबर काळजीही असणार. पण ज्या क्षणी तुम्ही मीटर काढायला लावता किंवा पाणी तोडता त्या क्षणी आतापर्यंत गुन्हेगारासारखा वागणारा माणूस तक्रारदार होतो. भाडेकरूचं पाणी, लाईट तोडणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे आणि तुमचा माणूस लायसन्सी असला तरी तो मी भाडेकरूच आहे म्हणत तेच कलम घेऊन कोर्टात जाणार, हे धरून चाला. कुलूप बदललं तर आणखी वाईट. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम ६ असं आहे की कायद्याचा मार्ग सोडून एखाद्याला जागेतून काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न कोर्ट बघतच नाही. म्हणजे घर तुमचं, मुदत संपलेली, आणि कोर्टच तुम्हाला सांगणार की त्याला परत आत घ्या. शिवाय घरात बायको मुलं आहेत, धक्काबुक्कीची, विनयभंगाची एखादी तक्रार झाली की सत्तरीतल्या माणसाला पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढाव्या लागतात. चार पोरं घेऊन जाऊन सामान बाहेर काढतो असं सांगणारा एजंट तुम्हाला नक्की भेटेल, त्याच्या नादी लागू नका.

पोलीस सिव्हिल मॅटर म्हणाले ते चिडून घेऊ नका, ते बरोबर आहेत, ताबा मिळवून देणं त्यांच्या हातात नाही. फक्त एक बघा, करार झाला तेव्हा भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन दिली होती का. दिली नसेल तर ती तुमच्या बाजूची चूक म्हणून समोरचा वापरतो. दिली असेल तर ती पावती फाईलला लावा.

१० हजारांचं नीट ऐका कारण इथे चांगल्या चांगल्या केसेस बिघडताना पाहिल्यात. मुदत संपल्यावर मालक पैसे घेत राहिला आणि काहीच लिहिलं नाही तर समोरचा म्हणतो बघा, यांनी भाडं घेतलं म्हणजे लायसन्स तोंडी वाढवलं. निर्णायक पुरावा तुमच्याकडे असला तरी या मुद्द्यावर दोन तारखा वाढतात. म्हणून पैसे यायचे असतील तर येऊ द्या, बँकेतच येऊ द्या, रोख घेऊ नका, आणि आले की त्याच दिवशी व्हॉट्सॲप आणि ईमेल करा की ही रक्कम तुमच्या बेकायदा ताब्याच्या नुकसानभरपाईपोटी, आमचे सगळे हक्क राखून जमा करून घेतली आहे, लायसन्स वाढवलेलं नाही. मेसेजमध्ये भाडं हा शब्द वापरू नका. आणि बाबांना सांगा की त्याच्याशी फोनवर बोलणं बंद, जे काय ते लेखी. त्याने मेसेजवर लिहिलं की काका थोडं थांबा, पुढच्या महिन्यात सोडतो, तर तो मेसेज सोन्यासारखा जपा, स्क्रीनशॉट तर घ्याच पण मूळ फोन पण जपा, पुढे मेसेज पुरावा म्हणून दाखल करायला सर्टिफिकेट द्यावं लागतं तेव्हा लागतो.

बाबांनी कदाचित असा हिशोब केला असेल की डिपॉझिट आहे ना १ लाख, बघू. इथेच मालक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. डिपॉझिट संपेपर्यंत थांबायचं आणि मग वकील शोधायचा, तोवर हातातलं एकमेव दडपण निघून गेलेलं असतं. तुमचा हिशोब असा होतो. मुदतीतले दोन महिने थकलेले ४४ हजार, ते डिपॉझिटमधून वळते करा आणि तसं नोटिशीत लिहा, कारण मुदतीच्या आतलं थकलेलं भाडं प्राधिकारी देईलच असं धरून चालू नये, त्याला पैसे वसुलीचा वेगळा दावा लागू शकतो. राहिले ५६ हजार. मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याला कलम २४ प्रमाणे दुप्पट, म्हणजे ४४ हजार, पाच महिन्यांचे झाले २ लाख २० हजार. डिपॉझिटचे ५६ वजा केले तर आजच्या तारखेला त्याच्याकडून १ लाख ६४ हजार येणं आहे आणि दर महिन्याला त्यात ४४ ची भर पडतेय. हा आकडा नोटिशीत मोठ्या अक्षरात टाका. बरेच लोक नोटिशीला भीक घालत नाहीत पण या दुप्पटच्या आकड्यापाशी थबकतात, काही जण तिथेच घर सोडतात.

कलम २४ साठी आधी नोटीस दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, मी तरी देतो, १५ दिवसांची, पोस्टाने पोचपावतीसह, फ्लॅटच्या पत्त्यावर आणि करारात लिहिलेल्या त्याच्या कायमच्या पत्त्यावर, दोन्हीकडे. गावच्या पत्त्यावर नोटीस गेली की वडिलांचा नाहीतर सासऱ्यांचा फोन येतो, त्याचा उपयोग होतो. पण १५ दिवसांवर एक दिवस थांबू नका.

मग अर्ज. त्याला रजिस्टर्ड कराराची प्रत आणि इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट किंवा खरेदीखत, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, लाईट बिल, बँक स्टेटमेंट ज्यात भाडं कधी येत होतं आणि कधी थांबलं ते दिसेल, नोटीस आणि पोस्टाच्या पावत्या. बाबा येऊ शकत असतील तर सही आणि ॲफिडेव्हिट त्यांचंच घ्या. तुम्ही पॉवर ऑफ ॲटर्नीवर काम बघू शकता पण जे बाबांना स्वतःला माहीत आहे त्याची साक्ष तुम्ही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही, त्यावर सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २००४ चा निकाल आहे आणि समोरचा वकील तो काढतोच. ज्येष्ठ नागरिक म्हणून लवकर सुनावणीचा अर्ज सोबतच द्या.

समन्स बजावलं की त्याला ३० दिवस. या ३० दिवसांत त्याने ॲफिडेव्हिट करून मला केस लढवायची परवानगी द्या असं मागायचं असतं, आणि आपोआप मिळत नाही, काहीतरी दम असलेलं कारण दाखवावं लागतं. मागितलीच नाही तर तुमच्या अर्जातलं सगळं त्याने मान्य केलं असं धरून ताब्याचा हुकूम होतो. म्हणून त्याचं सगळं लक्ष समन्स चुकवण्यावर असणार. दार उघडणार नाही, पोस्टमनला परत पाठवणार. पोस्टमनने घेण्यास नकार असा शेरा मारून पाकीट परत आणलं तर बजावणी झाली असं धरता येतं, पण घराला कुलूप होतं असा शेरा आला की परत फेरी. म्हणून तो कधी घरी असतो, कुठे नोकरीला आहे, ही माहिती सोसायटीच्या वॉचमनकडून, शेजाऱ्यांकडून आत्ताच काढून ठेवा. माझ्या अनुभवात कलम २४ च्या केसमध्ये सगळ्यात जास्त महिने कायद्याच्या मुद्द्यावर जात नाहीत, ते बजावणीत जातात.

किती वेळ? त्याने परवानगीच मागितली नाही तर काही महिन्यांत हुकूम होतो. मागितली, मिळाली, उलटतपासणी झाली, प्राधिकाऱ्याकडे गर्दी असली, तर वर्ष दीड वर्ष. हुकमावर अपील नाही, फक्त रिव्हिजन आहे, म्हणजे हुकूम कायद्याला धरून आहे का याची वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, ती ९० दिवसांत करता येते, आपल्याकडे अतिरिक्त विभागीय आयुक्तांपुढे चालते, आणि तिथून पुढे हायकोर्टात रिट. नुसती रिव्हिजन दाखल केली म्हणून हुकूम थांबत नाही, स्टे मिळवावा लागतो, आणि स्टे मागायला तो माणूस आला की तुम्ही मागायचं की आधी थकलेले पैसे जमा करा. आत्माराम प्रॉपर्टीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००४ च्या शेवटी हे सांगितलंय की घर खाली करण्याच्या हुकमाला स्टे देताना वाजवी रक्कम भरण्याची अट घालता येते. फुकट राहणाऱ्याला महिन्याला पैसे भरायची अट लागली की त्याचा कोर्टातला रस बराच कमी होतो. यासाठी हुकूम झाल्याच्या दिवशीच रिव्हिजनमध्ये कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, टाकून ठेवा. तसंच आत्ता, अर्ज करायच्या आधी, दिवाणी कोर्टातही एक कॅव्हेट टाका, कारण या लोकांची आवडती चाल म्हणजे मला मालक जबरदस्तीने काढतोय अशी ओरड करून मनाई हुकूम आणणे. तो विषय कलम ४७ मुळे दिवाणी कोर्टाच्या अखत्यारीत येत नाही हे सांगायला तुमचा वकील तिथे पहिल्याच दिवशी उभा पाहिजे. कॅव्हेट ९० दिवस चालतं, मग परत टाकायचं.

हुकूम अंतिम झाला आणि त्यापुढच्या ३० दिवसांत त्याने घर सोडलं नाही तर प्राधिकारी माणसं पाठवून ताबा काढून देतो, गरज पडली तर पोलीस बंदोबस्तात. त्या दिवशी पंचनामा, सामानाची यादी, मीटर रीडिंगचा फोटो, भिंती नळ फिटिंग सगळ्याचा व्हिडिओ, आणि लगेच नवीन कुलूप.

एक स्पष्ट सांगतो. ताबा मिळतो, पैसे मिळतीलच असं नाही. दुप्पट नुकसानभरपाईचा हुकूम हातात येतो, पण ज्या माणसाची नोकरी गेलीय किंवा जो मुळातच फिरता आहे त्याच्याकडून वसूल करायला परत दरखास्त, म्हणजे हुकूम अमलात आणायचा अर्ज, परत फेऱ्या. म्हणून मधे कधीही तो तडजोडीला आला आणि म्हणाला मागचं सोडा, मी महिन्याभरात घर सोडतो, तर माझा सल्ला असतो की सोडा. बाबांना हे पटणार नाही, त्यांच्या दृष्टीने तो अन्याय आहे आणि ते खरंही आहे, पण २२ हजारांचा फ्लॅट वर्षभर अडकण्यापेक्षा तो हातात येऊन दुसऱ्याला दिलेला बरा. मात्र ही तडजोड घरी बसून स्टॅम्प पेपरवर करू नका. प्राधिकाऱ्यापुढे लेखी तडजोडपत्र दाखल करा, त्यात तारीख टाका, त्या तारखेला सोडलं नाही तर पैशाची माफी रद्द आणि थेट ताबा असं लिहून घ्या, आणि त्यावर हुकूम घ्या. नोटरी केलेल्या कागदावर मी ३ महिन्यांनी सोडतो असं लिहून घेणं म्हणजे समोरच्याला नवीन तीन महिन्यांचा करार आयता देणं आहे.

त्याने भाड्याचे चेक दिले असतील आणि ते बाऊन्स झाले असतील तर ते वेगळं हत्यार आहे, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, त्याला १५ दिवस, मग एक महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. तारखा उलटून गेल्या असतील तर चेक परत भरता येतो का बघा, मुदत तीन महिने असते.

दुसऱ्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो, कारण हे वाचून कुणीही म्हणेल की माझंही असंच आहे, आणि नसेल. ज्यांनी ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलीय, रजिस्ट्रेशन नाही, त्यांची अडचण खरी आहे. ११ महिन्यांच्या आत असेल तर रजिस्टर करायला लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात २००० सालापासून चुकीची आहे, कलम ५५ प्रमाणे एक महिन्याचा करार असला तरी नोंदणी मालकाने करायची, नाही केली तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं जोपर्यंत तुम्ही उलट सिद्ध करत नाही, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड आहे. आणि वाचवतो काय तर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी आणि शहरात १ हजार नोंदणी फी. दुकान किंवा ऑफिस असेल तर कलम २४ लागूच होत नाही, ते फक्त राहत्या जागेसाठी आहे, तिथे कोर्टात दावाच लावावा लागतो, पण त्यात भाडं जमा करायला लावून ते न भरल्यास त्याचा बचाव काढून टाकण्याची सोय आहे, ती वकिलाला मागायला सांगा. आणि वाड्यातला, पागडीतला जुना भाडेकरू असेल तर सगळंच वेगळं. तिथे थकबाकीची लेखी नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबावं लागतं, मग दावा, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत त्याने सगळी बाकी १५ टक्के व्याजाने कोर्टात भरली आणि पुढे भरत राहिला तर भाडं थकवलं या कारणावर त्याला काढता येत नाही. ३०० रुपये भाडं असलेला माणूस ते आरामात भरतो. तिथे पोटभाडेकरू ठेवला, सहा महिन्यांहून जास्त जागा बंद ठेवली किंवा आम्हाला स्वतःला गरज आहे अशी कारणं शोधावी लागतात, आणि तिथे मात्र वर्षं जातात.

आणखी एक, नवीन भाडे कायदा आला, आता चौपट भाडं लागणार असे मेसेज फिरतात. तो २०२१ चा केंद्राचा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, त्याच्या भरवशावर नोटीस काढू नका. आपल्याला १९९९ चाच कायदा वापरायचाय.

शेवटचं, मेंटेनन्स. तो बाबांनीच भरत राहायचा, प्रॉपर्टी टॅक्सही. सोसायटीच्या दृष्टीने सभासद ते आहेत, थकवला तर सोसायटी त्यांच्याच मागे लागणार आणि सोसायटीची साक्ष, गेट रजिस्टर, सीसीटीव्ही, वॉचमन हे सगळं तुम्हाला समन्स बजावताना लागणारच आहे. लाईट बिल तो भरत नसेल तर महावितरण त्यांच्या नियमाप्रमाणे जे करेल ते करू दे, बाबांनी अर्ज देऊन काही करायला लावू नये. आणि मुदत संपली आहे, त्याला मुदतवाढ दिलेली नाही, प्राधिकाऱ्याकडे अर्ज करत आहोत असं एक पत्र सेक्रेटरींना या आठवड्यातच द्या आणि पोच घ्या, म्हणजे उद्या त्याने सोसायटीकडे जाऊन मालकाने मला अजून एक वर्ष दिलंय असं सांगितलं तर त्यांच्याकडे तुमचं पत्र असेल.